सभासद यादीतल्या रिकाम्या जागा

या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर नेहमीप्रमाणे सभासदांची यादी आहे. आपली अठ्ठेचाळीस घरं. त्यातल्या अकरा घरांपुढे फोन नंबर नाही. बऱ्याच ठिकाणी जन्मतारीख नाही. दोन घरांपुढे तर नुसतं आडनाव आणि फ्लॅट नंबर आहे. वाचणाऱ्याला वाटेल, छापखान्याने गोंधळ घातला किंवा समितीने प्रुफं नीट वाचली नाहीत. म्हणून आधीच सांगतो, या जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत. दिवाळीच्या आधी प्रत्येक घरी एक फॉर्म दिला होता. त्यात ज्याने ज्यावर टिक करून सही केली, तेवढंच छापलं आहे.

स्मरणिका समितीने मला सांगितलं, "तुम्ही दोन वेळा सचिव होता, सोसायटीचा इतिहास लिहा." आता बिल्डरशी झालेली भांडणं, पाण्याची टाकी, लिफ्ट, गणपती हे सगळं इतरांच्या लेखांत येणारच आहे. म्हणून मी या रिकाम्या जागांचा इतिहास लिहायचं ठरवलं. पंचवीस वर्षांत आपण सोसायटीला स्वतःबद्दल काय काय सांगत आलो, ते कुठे ठेवलं गेलं आणि कुठून सांडलं. सांडण्यात माझाही हात आहे. तेही लिहिणार आहे.

कपाट आणि बोर्ड

डिसेंबर २००० मध्ये आपली नोंदणी झाली. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला देशात माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला होता. आपल्या ऑफिसात मात्र तेव्हा कॉम्प्युटर सोडाच, धड खुर्च्याही नव्हत्या. पहिल्या सचिवांना आपण सगळे सचिवकाकाच म्हणायचो. त्यांनी पहिल्या महिन्यात दोन वस्तू घेतल्या. एक पत्र्याचं कपाट आणि एक काचेचा नोटीस बोर्ड. दोन्हींच्या किल्ल्या त्यांच्या जानव्याला असत. ते म्हणायचे, "जे सगळ्यांचं ते बोर्डावर, जे एकेकाचं ते कपाटात. सचिवाला एवढं कळलं की पुरे."

कपाटात सगळ्यात महत्त्वाचं होतं 'आय' रजिस्टर. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३८ प्रमाणे प्रत्येक संस्थेला सभासदांची नोंदवही ठेवावी लागते. तिचा ठरलेला नमुना म्हणजे हे 'आय'. त्यात सभासदाचं पूर्ण नाव, पत्ता, व्यवसाय, दाखल होतानाचं वय, शेअर्स, नॉमिनी कोण, सभासदत्व कधी आणि का संपलं, असे रकाने असतात. नुसती सभासदांची यादी हवी असेल तर तिचा नमुना वेगळा, 'जे'. काका निळ्या शाईच्या पेनने, मोत्यासारख्या अक्षरात हे सगळं भरत.

हे रजिस्टर गुप्त नाही, हे लक्षात घ्या. त्याच कायद्याचं कलम ३२ सांगतं की सभासदाला उपविधी, ताळेबंद, समिती सदस्यांची यादी, सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्तं हे सगळं ऑफिसच्या वेळात फुकट पाहता येतं. हिशेबाच्या वह्यांचा मात्र तेवढाच भाग पाहता येतो, ज्यात त्याचे स्वतःचे व्यवहार आहेत. म्हणजे शेजाऱ्याच्या खात्यात डोकावायचा हक्क त्या कलमात नाही. १९६० साली 'डेटा' हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, पण काकांचं कपाट आणि बोर्ड कायद्यात होतंच.

त्या काळी कुणी फारसं लपवतही नसे. टेलिफोन खात्याची जाडजूड डिरेक्टरी घरोघरी यायची. त्यात नाव, पत्ता, नंबर, सगळं छापलेलं. आपलं नाव त्यात आलं की माणसं खूश होऊन पान उघडून दाखवायची. फरक एवढाच होता, की त्या डिरेक्टरीतून आपलं वय, आपलं कर्ज, आपला आजार आणि आपल्या मुलीची यायची-जायची वेळ कळत नसे.

२६ जुलै

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या डोंबिवलीतही सखल भागांत पाणी भरलं. आपल्या आवारात कमरेइतकं होतं. ऑफिस तळमजल्यावर, रजिस्टर कपाटाच्या खालच्या कप्प्यात. दोन दिवसांनी दार उघडलं तेव्हा काकांची मोत्यासारखी अक्षरं निळ्या डागांत गेली होती. गच्चीवर दोऱ्या बांधून पानं वाळत घातली. निम्मीही वाचता येईनात.

मग काका आणि मी घरोघर फिरून रजिस्टर पुन्हा भरलं. दोन महिने लागले. २००० साली लोकांनी पेढे देत माहिती दिली होती. या वेळी पहिल्यांदाच दोन-तीन घरांत विचारलं गेलं, "वय कशाला हवंय? व्यवसाय कशाला?" काका चिडले नाहीत. त्यांनी नमुना दाखवला, रकाना दाखवला, आणि जे रकान्यात नाही ते विचारलं नाही. जिन्यात मला म्हणाले, "विचारतायत ते बरोबर आहे. आपल्याला उत्तर देता आलं पाहिजे."

माहिती सांभाळणं म्हणजे आधी ती शाबूत ठेवणं, हे तेव्हा कळलं. रजिस्टर बॉलपेनने लिहायचं, वरच्या कप्प्यात ठेवायचं, आणि एक झेरॉक्स प्रत अध्यक्षांच्या घरी, सीलबंद. हा ठराव २००५ च्या इतिवृत्तात आहे.

जिन्यातलं एक वाक्य

आता माझी गोष्ट. २००७ मध्ये मी सचिव झालो. काकांनी किल्ल्या दिल्या. दोन वर्षांनी, २००९ साली, एका आजींनी त्यांचा नॉमिनेशनचा फॉर्म आणून दिला. घर कोणतं, विंग कोणती, ते सांगत नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनी गप्प राहावं एवढीच विनंती. आजींनी तीन प्रती भरल्या होत्या, नियमाप्रमाणे. फ्लॅट त्यांच्या नावावर. नॉमिनी म्हणून मुलीचं नाव होतं.

समितीच्या सभेत फॉर्म ठेवला, नोंद झाली, विषय संपला. आठ-दहा दिवसांनी जिन्यात त्यांचा मुलगा भेटला. माझा मित्रच. बोलता बोलता मी म्हटलं, "बरं झालं, आईंनी नॉमिनेशन करून टाकलं. ताईंना दरवेळी सह्यांसाठी यावं लागेल एवढंच." मला वाटलं, घरात माहीत असणारच. त्याचा चेहरा बघितला आणि समजलं, माहीत नव्हतं.

पुढे त्या घरात काय झालं ते लिहायचा मला अधिकार नाही. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे कायद्यातलं वाक्य त्या दिवसांत तिथे कुणी ऐकून घेतलं नसतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी आजी ऑफिसात आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे, मी कागद सोसायटीला दिला होता. तुला नव्हता दिला."

मी बचाव करायचा प्रयत्न केला. म्हटलं, आजी, नॉमिनीचं नाव रजिस्टरात येतंच, आणि रजिस्टर कुणीही सभासद पाहू शकतो. त्या म्हणाल्या, "मग त्याने सभासद होऊन, अर्ज करून, इथे बसून बघायचं होतं. तू जिन्यात कशाला सांगितलंस?"

सोळा वर्षं झाली, मला याचं उत्तर सापडलेलं नाही. कारण आजींचं बरोबर होतं. एखादी नोंद बघायची कायद्याने मुभा असते, पण तिला एक दार असतं. कोण बघतोय, कशासाठी बघतोय, हे त्या दारात कळतं. ती सांगत फिरलं की दारच उरत नाही. मुलगा स्वतः सभासद नव्हता. त्याला ते रजिस्टर पाहायचा हक्कही नव्हता. मी मात्र ते त्याच्या हातात नेऊन दिलं, आणि वर 'मी काय चुकीचं सांगितलं' असं म्हणत होतो.

आजी आज नाहीत. हा मजकूर छापायला देण्याआधी त्यांच्या मुलाला आणि मुलीला, दोघांनाही वाचून दाखवला. मुलीने एक वाक्य काढायला सांगितलं. ते काढलं आहे.

त्यानंतर समितीने दोन गोष्टी ठरवल्या. इतिवृत्तात फक्त 'फ्लॅट क्रमांक अमुक यांचे नामनिर्देशन प्राप्त झाले, नोंदवहीत नोंद घेतली' एवढंच लिहायचं. आणि मूळ फॉर्म लिफाफ्यात, लिफाफ्यावर सभासदाची सही. आजही तीच पद्धत आहे.

दहाव्या वर्षाची स्मरणिका

एवढं शिकूनही २०१० मध्ये आपण सगळ्यांनी मिळून एक मोठी चूक केली. दशकपूर्तीची स्मरणिका काढली. हौसेने प्रत्येक कुटुंबाची माहिती छापली: नाव, व्यवसाय, ऑफिसचा फोन, मोबाइल, रक्तगट, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मुलांची शाळा. फोटोसकट. सगळ्यांना आवडली. मग रिवाजाप्रमाणे जाहिरात देणाऱ्या प्रत्येकाला एक प्रत भेट पाठवली.

पुढचा महिनाभर प्रत्येक घरात फोन. विमा, वॉटर प्युरिफायर, मुलांचे क्लासेस, कर्ज. "काका, तुमच्या लग्नाला येत्या आठवड्यात पंचवीस वर्षं होतायत ना, त्यानिमित्त हॉटेलात..." असाही एक फोन आमच्याकडे आला. नको असलेले व्यापारी फोन थांबवायची १९०९ ची सोय आपल्यातल्या बऱ्याच जणांनी नंतर लावून घेतली, त्याचं मूळ आपल्या त्या स्मरणिकेत होतं. चोरी कुणीच केली नव्हती. आपणच गोळा केलं, छापलं आणि बांधून दिलं. या वेळच्या यादीतल्या रिकाम्या जागा तिथून आल्या आहेत. आणि हो, या स्मरणिकेची जाहिरातदारांसाठीची आवृत्ती वेगळी आहे, तिला शेवटची आठ पानं नाहीत.

थकबाकी आणि माहितीचा अधिकार

सुरुवातीच्या वर्षांत मेंटेनन्स थकलेल्यांची नावं बोर्डावर लागायची. काकांनासुद्धा त्यात काही गैर वाटत नव्हतं. पैसे सगळ्यांचे, म्हणून बोर्डावर, असा त्यांचा हिशेब. २०१२ च्या वार्षिक सभेत एक सभासद उभे राहिले. एमआयडीसीतली त्यांची कंपनी बंद पडली होती. ते म्हणाले, "माझे सहा महिने थकलेत, मी नाकारत नाही. पण माझ्या मुलाचे मित्र इथे खेळायला येतात, ते बोर्ड वाचतात." सभा गप्प झाली. नोटीस ज्याची त्याला, बंद पाकिटात, आणि वसुली कायद्याने व्हायची तशी होईल, असा ठराव झाला. त्या गृहस्थांनी पुढच्या वर्षी सगळी बाकी फेडली. बोर्डावर नाव नसल्यामुळे वसुली कमी झाली, असं कुठल्याही वर्षी दिसलं नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षी एकाने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. सगळ्या सभासदांची खाती, भाडेकरूंचे करार, सगळं द्या. आम्ही घाबरलो. पण ७ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाचा केरळमधल्या थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणातला निकाल आला. सरकारचं नियंत्रण किंवा भरीव सरकारी पैसा नसलेली सहकारी संस्था माहिती अधिकार कायद्यात 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरत नाही, असं त्यात म्हटलं आहे. अर्ज नाकारला. पण हेही खरं, की कलम ३२ मध्ये जे दाखवायचं आहे ते दाखवायलाच हवं. समितीने 'गोपनीय आहे' म्हणून हिशेब दडपायचे आणि सभासदांची खासगी माहिती मात्र बोर्डावर लावायची, असा उलटा कारभार मी इतर सोसायट्यांत पाहिला आहे. त्याला काका म्हणायचे, "कपाटाला काच आणि बोर्डाला कुलूप."

शेंगदाण्याची पुडी

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देण्याबाबत कडक सूचना आल्या, त्या योग्यच होत्या. त्यामुळे ऑफिसात कागद वाढले. करार, फोटो, पॅन कार्ड, कंपनीचं पत्र. मग आधार आलं. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. चार वर्षांत आपल्या कपाटात आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा जमला.

२०१४ मध्ये ऑफिसची साफसफाई झाली. दोनच महिन्यांनी आमच्या सौ. स्टेशनवरून येताना शेंगदाणे घेऊन आल्या. दाणे संपल्यावर पुडी उलगडली. आतून एक चेहरा बघत होता. आपल्याकडे पूर्वी राहून गेलेल्या भाडेकरूच्या पॅन कार्डाची झेरॉक्स. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, सही. कोपऱ्यात आपल्या सोसायटीचा 'आवक' शिक्का. मी त्या वर्षीचा जमाखर्च काढून पाहिला. 'इतर उत्पन्न: रद्दी विक्री, रु. ३४०.' हिशेब अगदी चोख होता.

तो मुलगा तोपर्यंत दुसऱ्या शहरात गेला होता. त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही सांगितलंत तरी. बाकीच्या कागदांचं काय?" बाकीचे कागद कोणत्या पुड्यांत गेले, आम्हाला आजतागायत माहीत नाही.

तेव्हापासून नियम आहे. भाडेकरू गेला की ठरावीक मुदतीनंतर त्याची कागदपत्रं दोन समिती सदस्यांसमोर फाडून पाण्यात भिजवायची, आणि तशी नोंद करायची. आधारची प्रत लागलीच, तर शेवटचे चारच अंक दिसणारी झाकलेली प्रत घ्यायची. ती आधारच्या संकेतस्थळावरून कुणालाही काढता येते.

गेटवरची वही

काही सांडण्यांचा आवाज होत नाही. गेटवरची वही वर्षानुवर्षं टेबलावर उघडी पडलेली असायची, दोरीने पेन बांधलेलं. येणारा माणूस नाव, कुणाकडे, वेळ आणि मोबाइल नंबर लिहायचा. लिहिता लिहिता वरच्या वीस जणांचं वाचायचा. २०१६ मध्ये आपल्याकडच्या एका मुलीच्या मैत्रिणीला रात्री-अपरात्री मेसेज येऊ लागले. 'आज निळ्या ड्रेसमध्ये आली होतीस.' नंबर त्या वहीतून गेला होता. कुणी उचलला, शेवटपर्यंत कळलं नाही. त्या मुलीने नंबर बदलला, आणि आपल्याकडे यायचं बंद केलं.

वही बंद कपाटात गेली. आता वॉचमन स्वतः लिहितो, इंटरकॉमवर विचारतो, आणि घरचं माणूस हो म्हणालं की पाहुण्याचा नंबर मागत नाही. वह्या तीन महिन्यांनी नष्ट होतात.

त्याच वेळी एक गोष्ट माझ्या लक्षात आणून दिली ती आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी. गेटच्या टेबलाखाली एक फाइल होती, सगळ्या कामवाल्या बायकांचे आणि वॉचमनचे फोटो, आधारची प्रत, गावचा पत्ता. तिला कुलूप नव्हतं. मावशी म्हणाल्या, "दादा, तुमच्या पाहुण्यांची वही आत ठेवली, आमचे कागद बाहेरच?" ते कागद सभासदांचे नव्हते, म्हणून पंधरा वर्षं कुणाला खटकलं नव्हतं. आज ते कपाटात आहेत, आणि ज्याचं काम सुटलं त्याचा कागद त्याला परत मिळतो.

पुढच्या वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांची ती याचिका. पेपरात वाचताना मला त्या मैत्रिणीची आठवण झाली, आणि आजींचीही.

२०२०

मधेच रिकाम्या झालेल्या जागेवर २०१९ मध्ये मी पुन्हा सचिव झालो, आणि सहा-सात महिन्यांत कोरोना आला. बाहेरून आलेल्यांच्या डाव्या हातावर घरी विलगीकरणाचे शिक्के मारले जात होते, ते दिवस. आपल्यातल्या एक वहिनी हॉस्पिटलात काम करतात. त्यांची चाचणी पॉझिटिव्ह आली तेव्हा त्यांनी आधी मला फोन केला. महापालिकेचे लोक येतील, लिफ्ट पुसून घ्या, वरच्या मजल्यावरच्या आजोबांना सांभाळा. आम्ही नोटीस काढली, त्यात नाव नव्हतं. मजला आणि घ्यायची काळजी, एवढंच.

रात्री पावणेअकराला आपल्या ग्रुपवर त्यांच्या रिपोर्टचा फोटो आला. नाव, वय, मोबाइल नंबरसकट. कुणी टाकला हे सगळ्यांना माहीत आहे, त्यांनी नंतर माफीही मागितली, मी पुन्हा काढत नाही. सकाळी त्या घराबाहेर दुधाची पिशवी ठेवायला दूधवाला तयार नव्हता. कचरा चार दिवस दारात. बऱ्या होऊन त्या परत कामाला जायला निघाल्या तेव्हा लिफ्टमधली माणसं बाहेर आली.

मला तेव्हा खूप जणांनी सुनावलं, "आम्हाला कळायला नको का?" कळायला हवंच होतं. पण काय? कोणता जिना वापरू नये, लिफ्ट कधी पुसली, हे. तेवढं नोटिशीत होतं. अठ्ठेचाळीस घरांच्या इमारतीत नाव लपत नाही, हेही मान्य. पण ते सांगायचं की नाही, केव्हा आणि कुणाला, हे त्या वहिनींनी ठरवायचं होतं. त्यांनी कागद सोसायटीला दिला होता, ग्रुपला नव्हता दिला.

आता कायदा काय म्हणतो

२०२२ मध्ये आपण अ‍ॅप घेतलं आणि 'आय' रजिस्टर स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवलं. ११ ऑगस्ट २०२३ ला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे. हा कायदा डिजिटल माहितीला लागू होतो. निव्वळ कागदावर असलेली नोंद स्कॅन केली की तीही त्यात येते. म्हणजे काकांचं रजिस्टर आता त्यात आलं.

थोडक्यात सांगायचं तर माहिती कशासाठी घेतोय ते आधी सांगायचं, त्याच कामासाठी वापरायची, नीट सांभाळायची, आणि काम संपलं व दुसरा कुठला कायदा ठेवायला सांगत नसला, तर काढून टाकायची. ती सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत मागता येते, म्हणजे मराठीतही. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवावंच लागतं. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आपल्यासारख्याला तेवढा होईल असं नाही, पण आकडा लक्षात असलेला बरा. आपल्या माघारी हे हक्क वापरायला नॉमिनी नेमायची तरतूदही त्यात आहे. आजी असत्या तर हसल्या असत्या.

माहिती घेणाऱ्यासाठी कायद्याने जो इंग्रजी शब्द वापरला आहे, त्याचा अर्थ विश्वस्ताच्या जवळ जातो. मला तो शब्द पटला. बँकेत ठेव ठेवली म्हणून ती मॅनेजरची होत नाही, तसंच हे.

दोन कामं अजून व्हायची आहेत. आपल्या ग्रुपमध्ये घर सोडून गेलेले भाडेकरू आणि दोन एजंट अजून आहेत, त्यांना कुणी काढलेलं नाही. आणि कॅमेऱ्यांचं चित्रण कोणी, कधी, कोणाच्या परवानगीने बघायचं, याचा ठराव झालेला नाही. येत्या वार्षिक सभेत दोन्ही विषय घ्यावेत, अशी अध्यक्षांना विनंती आहे.

महोत्सवाच्या दिवशी हॉलमध्ये जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. समितीने विचारलं, पुरात भिजलेलं ते पहिलं 'आय' रजिस्टर ठेवूया का? ठेवूया, पण मिटलेलं. निळे डाग पडलेला पुठ्ठा तेवढा सगळ्यांनी बघा. आतलं पान बघायचं असेल तर अर्ज करा, ऑफिसची वेळ संध्याकाळी सात ते आठ. आणि ज्यांचं नॉमिनेशन अजून राहिलं आहे, त्यांनी त्याच वेळात येऊन फॉर्म घेऊन जा. पहिल्या खेपेला फी नाही. मी कुणाला सांगणार नाही.